गिटार थेट अ‍ॅम्पला लावायची की मध्ये पेडलं ठेवायची? आधी हे करून बघा

पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायचा, पायाने चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा छोटा डबा. त्याच्यावरून गिटारवाल्यांत दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते केबल घ्या, अ‍ॅम्पला लावा, टोन सगळा हातात असतो, पेडलं म्हणजे नुसती सोंगं. दुसऱ्या पार्टीच्या पायाशी एवढी पेडलं मांडलेली असतात की वाजवण्यापेक्षा वाकण्यातच जास्त वेळ जातो. दोघंही अर्धं खरं बोलतात, पण ज्याने नुकतीच गिटार आणि एक छोटा अ‍ॅम्प घेतलाय त्याला या भांडणाचा काडीचा उपयोग नाही, कारण तुमचा अ‍ॅम्प स्वतः काय करू शकतो आणि कुठे हात टेकतो हा खरा प्रश्न आहे, आणि ते कळायला मधलं सगळं काढून काही दिवस थेटच वाजवावं लागतं. मग जे कमी पडेल तेवढंच पेडल घ्यायचं. त्याच क्रमाने सांगतो.

अ‍ॅम्प कुठल्या जातीचा आहे

"थेट" वाजवण्याचा जो काही गौरव ऐकता तो जवळजवळ सगळा ट्यूब अ‍ॅम्पचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) आहे. ट्यूब अ‍ॅम्पला झेपेल त्याच्यापेक्षा जोरात सिग्नल दिला की तो एकदम नाही फाटत, हळूहळू दबतो, जाड होतो, मग कडेकडेने फाटायला लागतो, आणि तुम्ही पिक हळू मारली की परत साफ होतो. हा जो हाताला दिलेला रिस्पॉन्स आहे ना, त्यासाठी लोक जीव टाकतात.

ट्रान्झिस्टरवाला म्हणजे सॉलिड स्टेट अ‍ॅम्प वेगळा. तो एका मर्यादेपर्यंत एकदम स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की कचकन कापतो, त्यामुळे त्याला जबरदस्तीने फाडण्यात मजा नाही. पण तो वाईट असतो असं अजिबात नाही. रोलँडचा जेसी-१२० बघा, १९७५ पासून चालत आलाय, शुद्ध सॉलिड स्टेट, आणि क्लीन आवाजासाठी आजही लोक तोच मागतात. फक्त त्याच्याकडून डिस्टॉर्शनची, म्हणजे फाटक्या आवाजाची, अपेक्षा ठेवायची नाही, ते काम पेडलचं. तर असा अ‍ॅम्प असेल आणि तुम्हाला रॉक वाजवायचं असेल तर "मी थेटच वाजवणार" हा हट्ट धरून काही मिळत नाही, इथे पेडल पहिल्या दिवसापासून लागतं.

तिसरी जात मॉडेलिंग अ‍ॅम्पची, जे आजकाल निम्म्या घरांत असतात. त्याच्या आत डिजिटल रूपात ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा), कोरस (आवाज दाट करणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा) सगळं भरलेलंच असतं. त्याला केबल लावून मी प्युअर आहे म्हणणं म्हणजे गंमतच. पण या अ‍ॅम्पचा फायदा असा की पेडल विकत घ्यायच्या आधी आतलाच डिले महिनाभर वापरून बघता येतो की आपल्याला तो खरंच लागतो का.

वॉटचा हिशेबही इथेच सांगून टाकतो कारण यात सगळेच फसतात. १०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला पॉवर दहापट लागते. म्हणून १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प "छोटा आहे" म्हणून फ्लॅटमध्ये पूर्ण उघडला तर संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येणार. घरासाठी ५ वॉटही खूप होतो, किंवा मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज ठरवणारा नॉब) असलेला घ्या. आणि ट्यूब अ‍ॅम्प आवाज नको म्हणून स्पीकर काढून कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, हेडफोनची सोय मुद्दाम दिलेली असेल तरच स्पीकरशिवाय.

आता थेट लावा

एक केबल, तीन ते सहा मीटरची, बास. गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही नॉब पूर्ण उघडे. ब्रिज पिकअप, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पिकअपपैकी ब्रिजजवळचा. अ‍ॅम्पवर बेस, मिड, ट्रेबल तिन्ही मधोमध, रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) शून्य, गेन (सिग्नल किती चढवायचा तो नॉब) अगदी कमी, मास्टर घरात चालेल इतका.

खुला ई कॉर्ड धरा आणि एकदा हलक्या हाताने, एकदा जोरात वाजवा. मग गेन किंचित वाढवा आणि परत तेच, हलका, जोरात. असं करत करत वर जा, घाई नको. एक जागा अशी येते की हलका स्ट्रोक साफ येतो, सगळ्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, आणि जोरात मारला की कॉर्डला कडेने खरखरीत धार येते. गेन तिथेच सोडा आणि आता त्याला हातच लावू नका, पुढचं सगळं काम गिटारवर आहे.

गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणा. फाटणं जवळपास जातं, पण आवाज तितकासा कमी होत नाही, हे नीट ऐका, कारण अ‍ॅम्प आधी दबलेला होता आणि तुम्ही फक्त दाब काढलात. ५ वर आणलात तर बऱ्यापैकी क्लीन. परत १० वर गेलात तर सोलोला तयार. म्हणजे एका नॉबवर रिदम, क्लीन आणि लीड तिन्ही आले, करंगळी नॉबवर ठेवून वाजवता वाजवता फिरवायची सवय लावून घ्या. स्ट्रॅट टाइप गिटारवर हे सोपं जातं कारण व्हॉल्यूम नॉब हाताखालीच असतो, लेस पॉल टाइपवर जरा हात लांब करावा लागतो पण तिथे दोन पिकअपना वेगळे व्हॉल्यूम असतात, एक ७ वर आणि एक १० वर ठेवला की पिकअप बदलायचा स्विचच चॅनल बदलायचं काम करतो.

एक त्रास होणार. व्हॉल्यूम कमी केला की आवाज थोडा बोदा होतो, ट्रेबल गळतो. नॉबचा रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून हे होतं. त्याच्यावर ट्रेबल ब्लीड नावाचा इलाज आहे, व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या भागावर) एक छोटा कपॅसिटर आणि बहुतेक वेळा सोबत एक रेझिस्टर डकवायचा, सामान किरकोळ किमतीचं, सोल्डरिंग येणारा कोणीही करून देतो. माझ्या मते पहिल्या पेडलच्या आधी हे करून घ्यावं.

टोन नॉबला लोक विसरूनच जातात. ब्रिज पिकअप चिरका वाटतोय म्हणून अ‍ॅम्पचा ट्रेबल कापतात आणि मग नेक पिकअपवर गेलं की सगळं घोंगडी पांघरून वाजवल्यासारखं येतं. उलट करा, अ‍ॅम्प नेक पिकअपला सेट करा आणि ब्रिजला टोन ६-७ वर घ्या. आणि पिक कुठे मारताय तेही बघा, ब्रिजजवळ मारली तर कडक, नेककडे सरकलात तर गोल, हा फरक कुठल्याही पेडलवरच्या टोन नॉबपेक्षा मोठा आहे.

मिडबद्दल दोन शब्द. घरात एकट्याने वाजवताना मिड कापून बेस आणि ट्रेबल वाढवलं की आवाज भारी वाटतो, आणि त्याच सेटिंगवर बँडमध्ये गेलात की तुम्ही गायब. खालची जागा बेस आणि किक ड्रम खातात, वरची झांजा खातात, गिटारची जागा मधेच आहे. फेंडर पद्धतीच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये सगळे नॉब मधोमध असतानाही मिड आधीच खाली असतो, म्हणून तिथे मिड मोकळ्या हाताने वाढवा आणि बेस कमी करा.

शिवाय अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून तुम्ही त्याच्या समोर उभे राहिलात तर स्पीकर तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतोय. ट्रेबल सरळ रेषेत जातो, वर तुमच्या कानापर्यंत कमीच येतो, म्हणून तुम्ही तो वाढवत बसता आणि समोर बसलेल्याचे कान सोलून निघतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा, आणि सेटिंग एकदा तरी खाली बसून स्पीकरच्या समोर कान नेऊन ऐका (मास्टर कमी ठेवून, उगाच कानाचं वाटोळं नको).

असं वाजवून मोठे झालेले लोक आहेतच. एसी/डीसी या रॉक बँडचा माल्कम यंग, ग्रेच गिटार, मार्शल अ‍ॅम्प, मध्ये काही नाही, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवलेला, म्हणून त्याचे कॉर्ड इतके जोरात असूनही स्वच्छ ऐकू येतात. गंमत अशी की त्याचा भाऊ अँगस, ज्याला सगळे थेट वाजवण्याचा देव मानतात, तो शेफर-व्हेगा नावाची वायरलेस सिस्टीम वापरायचा आणि ती सिग्नल दाबून, थोडा उचलून अ‍ॅम्पला द्यायची. म्हणजे पायाशी पेडल नव्हतं, पण मध्ये डबा होताच. क्वीन बँडचा ब्रायन मे बघा, व्हॉक्स एसी३० च्या आधी ट्रेबल बूस्टर, तो कायम चालू, आणि बाकी सगळं गिटारच्या व्हॉल्यूमवर. तेव्हा शुद्ध-अशुद्ध असा सोवळ्या-ओवळ्याचा मामला करायची गरज नाही.

पेडल कधी घ्यायचं

तसं पाहिलं तर डिस्टॉर्शनचं पेडल बिघाडाची नक्कल म्हणूनच जन्माला आलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सरचं चॅनल बिघडलेलं होतं, त्यातून गेलेला गिटारवादक ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बेस फाटका आला आणि लोकांना तो आवाज आवडला. १९६२ मध्ये गिब्सनने माएस्ट्रो नावाखाली तोच फाटकेपणा डब्यात भरून फझ-टोन म्हणून विकायला काढला, फारसा कोणी विचारला नाही, १९६५ ला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने रेकॉर्डवर वाजवला आणि मग दुकानांत तुटून पडले लोक. तिकडे किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला होता त्याच आवाजासाठी. तुम्ही फाडू नका.

तर थेट वाजवताना काय अडलं ते बघा. फ्लॅटमध्ये अ‍ॅम्प फाटेपर्यंत उघडता येत नाही, हे अडलं तर ओव्हरड्राइव्ह. सोलोला गिटार वर येत नाही तर बूस्ट, आणि तेही ओव्हरड्राइव्हवरच भागतं. आवाज कोरडा आहे, अ‍ॅम्पला रिव्हर्ब नाही, तर डिले किंवा रिव्हर्ब, दोन्ही नको, एक घ्या, मी डिले घेईन. स्टेजवर गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग करताना सगळ्यांना टिंग टिंग ऐकू येतं तर ट्यूनर पेडल, जे आवाज बंद करून ट्यून करू देतं, आणि खरं तर ज्याला लोकांसमोर वाजवायचंय त्याने पहिलं पेडल हेच घ्यावं, दिसायला कितीही बोअर असलं तरी. कोरस, फ्लँजर, फेझर यांची घाई नको, दोन दिवस मजा येते आणि मग सहा महिने कपाटात.

घेताना स्वतःची गिटार घेऊन जा. मुंबईत धोबीतलावच्या दुकानांत किंवा तुमच्या गावात जिथे कुठे ट्राय करू देतात तिथे, आणि तुमच्या घरी जसा अ‍ॅम्प आहे त्याच जातीच्या अ‍ॅम्पवर लावून मागा. दुकानात मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पवर जे पेडल गोड वाटतं तेच घरच्या १० वॉटच्या डब्यावर माशी गुणगुणल्यासारखं येऊ शकतं. व्हिडिओतल्या डेमोवर तर मुळीच भरवसा ठेवू नका, तिथे अ‍ॅम्प चढवलेला असतो, समोर महागडा माइक असतो आणि वाजवणारा तुमच्या-माझ्यापेक्षा बरा असतो.

ओव्हरड्राइव्ह बसवायची रीत

पेडल बंद ठेवून कॉर्ड वाजवा. मग चालू करा, पेडलचा ड्राइव्ह शून्याजवळ, टोन मधोमध, आणि लेव्हल अशी लावा की पेडल चालू आणि बंद दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा येईल. पायाने चालू-बंद करत राहा आणि फक्त मोठेपणा ऐका. ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे, कारण कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, आणि लेव्हल जास्त असली की कुठलंही पेडल "भारी" वाटून विकत घेतलं जातं. सारख्या आवाजावरही पेडल चांगलं वाटलं तरच ते चांगलं.

मग दोन रस्ते. तुमचा अ‍ॅम्प ट्यूबचा असेल आणि आधी सांगितल्याप्रमाणे फाटण्याच्या काठावर ठेवला असेल तर ड्राइव्ह कमीच ठेवा आणि लेव्हल वाढवा, पेडल स्वतः फाटणार नाही, अ‍ॅम्पला ढकलेल. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर फेंडर अ‍ॅम्पच्या पुढे असंच वापरायचा. या पेडलमध्ये बेस कापला जातो आणि ७०० हर्ट्झच्या आसपास मिडचा उंचवटा असतो, म्हणून मिड कमी असलेल्या फेंडरशी त्याची जोडी जमते आणि बँडमध्ये सोलो वर येतो. मेटलवालेही आधीच भरपूर गेन असलेल्या अ‍ॅम्पच्या पुढे हेच पेडल ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल्ल करून लावतात, तिथे हेतू वेगळा, खालच्या तारांचा चिखल कमी होऊन पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेले सूर) घट्ट यावेत म्हणून.

अ‍ॅम्प सॉलिड स्टेट असेल तर ढकलण्यात अर्थ नाही. अ‍ॅम्प क्लीनवर ठेवा, सगळं फाटणं पेडलच्या ड्राइव्हमधून काढा, आणि लेव्हल बंद आवाजाच्या जरा वर. अ‍ॅम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन बटण विसरून जा. आणि जितकं डिस्टॉर्शन हवंसं वाटतंय त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा, जास्त झालं की पिकचा फटका गायब होतो आणि सुरांच्या मधल्या शांततेत शिट्ट्या सुरू होतात.

फझची तऱ्हा निराळी. १९६६ ला लंडनच्या आर्बिटरने काढलेला गोल फझ फेस, जो हेंड्रिक्सने गाजवला, त्याची इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतकी कमी आहे की तो गिटारच्या पिकअपशी थेट जोडलेला असला तरच नीट वागतो. व्हॉल्यूम ७ वर आणला की जवळजवळ क्लीन होतो, पण मध्ये दुसरं बफरवालं (सिग्नलला बळ देणारं सर्किट असलेलं) पेडल टाकलं की ही जादू संपते आणि आवाज पातळ, चिडका होतो. म्हणून असा फझ कायम गिटारनंतर पहिला, ट्यूनरच्याही आधी.

क्रम आणि लूप

बाकीचा क्रम असा: ट्यूनर, वा (पायाने टोन हलवायचं), कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारा), ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, मग कोरस-फेझर, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. हा काही कायदा नाही, पण कारण समजून घ्या म्हणजे मोडताना कळेल काय मोडताय. डिस्टॉर्शननंतर डिले असेल तर फाटलेल्या आवाजाचे साफ प्रतिध्वनी येतात. उलटं केलं तर सुराचे आणि प्रतिध्वनीचे सगळे थर एकत्र फाटतात आणि लगदा होतो.

इथेच थेट अ‍ॅम्पवाल्यांची खरी अडचण येते. तुम्ही डिस्टॉर्शन अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्पच्या आतला पहिला, गेनचा टप्पा) काढताय आणि डिले अ‍ॅम्पच्या पुढे लावलाय, म्हणजे क्रम उलटा झालाच की. त्यासाठी बऱ्याच अ‍ॅम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, तो इफेक्ट्स लूप. सेंडमधून केबल डिलेच्या इनपुटला, डिलेच्या आउटपुटमधून रिटर्नला, की डिले प्रीअ‍ॅम्पनंतर बसतो. ओव्हरड्राइव्ह मात्र लूपमध्ये टाकू नका, ते पुढेच. लूप नसेल आणि अ‍ॅम्प क्लीन वापरत असाल तर सगळं पुढे लावलं तरी काही बिघडत नाही.

डिलेचा वेळ कानाने जमत नसेल तर ६०,००० ला गाण्याच्या टेम्पोने (मिनिटाला किती मात्रा) भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या टेम्पोला ५००. यू२ बँडचा गिटारवाला एज जो धावता पॅटर्न वाजवतो तसा हवा असेल तर त्याचा पाऊण, म्हणजे ३७५, आणि तुम्ही सरळ आठव्या सुरांत वाजवत राहायचं, मधल्या जागा डिले भरतो. मिक्स सुरुवातीला मूळ सुरापेक्षा बराच कमी, फीडबॅक दोन-तीन प्रतिध्वनींपुरता.

केबलची लांबी आणि बफर

केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असते आणि ती ट्रेबल खाते. सहा मीटरला हरकत नाही, पण गिटारपासून बोर्डापर्यंत (जिथे पेडलं मांडलीत) सहा, बोर्डावरच्या पॅच केबल, मग बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंत अजून सहा, आणि सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद केली की सिग्नल सरळ पार जाऊ देणारी), तर बंद असतानाही गिटारला ती अख्खी लांबी एकच केबल म्हणून दिसते. "पेडलांनी टोन मारला" म्हणतात तो बहुतेक वेळा असा मरतो. चेनमध्ये एक बफरवालं पेडल असलं की प्रश्न सुटतो, बॉस कंपनीची नेहमीची छोटी पेडलं बंद असतानाही बफर चालू ठेवतात, त्यातलं एक ट्यूनर म्हणून सुरुवातीला बसवलं तरी झालं (फझवाल्यांनी फझनंतर). ट्रू बायपास म्हणजे चांगलं आणि बफर म्हणजे वाईट हे दुकानदारी आहे, बाकी काही नाही.

तपासायचं कसं? एक फ्रेज थेट अ‍ॅम्पला वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, मग तीच सगळी पेडलं बंद ठेवून बोर्डातून वाजवा, फोन जागचा हलवू नका. फरक ऐकू येत असेल तर बफर लागतोय. नसेल येत तर विषय संपला.

लाइट, अ‍ॅडॅप्टर, अर्थिंग

बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि पिनेचं मधलं टोक निगेटिव्ह असतं. घरातला राउटरचा अ‍ॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका, तो बहुतेक १२ व्होल्टचा आणि मधलं टोक पॉझिटिव्ह असतो, पेडल तिथेच गेलं. मिलिअँपिअरचा हिशेबही बघा, साध्या ओव्हरड्राइव्हला दहा-वीस पुरतात, डिजिटल डिलेला शंभर किंवा जास्त, आकडा पेडलच्या खाली लिहिलेला असतो, सगळ्यांची बेरीज अ‍ॅडॅप्टरच्या आकड्यापेक्षा कमी हवी. एका अ‍ॅडॅप्टरवरून माळेसारखी वायर काढून दोन-तीन अ‍ॅनालॉग पेडलं आरामात चालतात, त्यात डिजिटल घुसलं की बारीक किणकिण सुरू होते, मग प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीचे काही जर्मेनियम फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचे असतात, त्यांना या माळेत अजिबात नाही, त्यांना बॅटरीच. बॅटरीवरून आठवलं, पेडलच्या इनपुटमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते, स्विच बंद असला तरीही, म्हणून वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा.

अर्थिंगकडे आपल्याकडे कोणी बघत नाही आणि हा चेष्टेचा विषय नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पची तिसरी पिन तोडली असेल, किंवा मंडपातल्या बोर्डाला अर्थिंगच नसेल, आणि माइक दुसऱ्या लाइनवरच्या मिक्सरला जोडलेला असेल, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावले की झटका बसतो, कधी बारीक, कधी जिवावरचा. तिसरी पिन कधीही काढायची नाही, अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंगवाल्या लाइनवरून घ्यायचे, आणि शंका असेल तर तारांना टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर मंडपवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोपर्यंत वाजवू नका, कार्यक्रम थांबला तर थांबू दे.

अ‍ॅम्पच नाही, मिक्सरला द्यायचंय

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो नाहीतर कॉलेजचा कार्यक्रम, बऱ्याच ठिकाणी साउंडवाला म्हणतो "इथेच लावा, डायरेक्ट". इथे "थेट" चा अर्थच बदलतो. गिटार अ‍ॅम्पचा इनपुट साधारण १ मेगाओहमचा असतो, मिक्सरचा लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे नुसती गिटार तिथे मेलेली वाटते. आणि गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही, मोठा पीए (कार्यक्रमातला) स्पीकर सगळं वाजवतो, म्हणून डिस्टॉर्शन पेडल सरळ मिक्सरला दिलं की जी मच्छरांची पलटण ऐकू येते ती त्या वरच्या भागाची. इथे पेडल नको म्हणून चालतच नाही, शेवटी कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) असलेलं पेडल किंवा छोटं मल्टिइफेक्ट लागतंच. काहीच नसेल तर डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) मागा, क्लीन वाजवा आणि मिक्सरवर हाय कापायला सांगा. अ‍ॅम्प नेला असेल तर त्याच्यापुढे माइक ठेवायचा आग्रह धरा, स्पीकरच्या बरोबर मध्यावर नाही, थोडा बाजूला, कापडापासून दोन-तीन बोटांवर.

आवाज गेला तर

कार्यक्रमात आवाज गेला तर बोर्डावर वाकून बसू नका. गिटारची केबल काढा, अ‍ॅम्पला थेट लावा, गाणं पुरं करा, म्हणून अ‍ॅम्प नेहमी असा सेट ठेवायचा की पेडलांशिवायही वाजवण्यासारखा असेल. गाणं संपल्यावर शोधा. आधी अ‍ॅडॅप्टर, मग बोर्डाच्या मधोमध तोडा: गिटार मधल्या पेडलला लावली आणि आवाज आला तर बिघाड अलीकडे, नाही आला तर पलीकडे, परत त्या अर्ध्याचा अर्धा. दहापैकी नऊ वेळा पॅच केबलच असते, त्यातही मोल्डेड प्लास्टिकची स्वस्त असेल तर ती उघडून दुरुस्त करता येत नाही, फेका. जास्तीच्या दोन पॅच केबल आणि एक मोठी केबल बॅगेत कायम असू द्या, सोबत एक ९ व्होल्टची बॅटरी.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, दमट हवेने जॅक आणि पॉट गंजतात, नॉब फिरवला की खरखर येते आणि इफेक्ट्स लूपमधून सिग्नल मध्येच गायब होतो, कारण काही न लावता ठेवलेल्या लूपच्या रिटर्न जॅकच्या आतला संपर्क खराब झालेला असतो. सेंड आणि रिटर्न एका छोट्या पॅच केबलने जोडून बघा, आवाज परत आला तर तोच दोष. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर, आणि काम होतं. साधं वंगणाचं तेल मारू नका, त्याच्यावर धूळ बसून पुढच्या महिन्यात दुप्पट खरखर येते.